भारंभार

आईनं बोललेला नवस
चव्वेचाळीस वर्षं फेडायचा राहून गेला.
पोर बोलायला लागू दे, खारनाथा,
त्याच्या भारंभार मीठ घालीन.
तेव्हा मी चार वर्षांचा, अकरा किलोचा,
तोंडात शब्द नाही, नुसती लाळ.

रिक्षावाल्याला समाधी माहीत नव्हती.
तळवली म्हटल्यावर मान हलवली,
नाक्यावर उतरवलं, पिशव्यांचे दहा जास्त घेतले.
फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे चौदा चेहरे
आणि त्यांच्या कोपराखाली बारीक बाण: समाधी मंदिर.
पुढं गल्ली. दोन इमारती इतक्या जवळ
की या खिडकीतून त्या खिडकीत मीठ उसनं द्यावं.
हातावर देऊ नये, आई म्हणायची. वाटीतून द्यावं.

मंदिर म्हणजे एक खोली, हिरव्या फरशीची,
मधे समाधी, गुडघ्याएवढी,
वर स्टीलच्या पादुका, शेजारी टेबलफॅन.
मागच्या दारातून तिवरं, विजेचे मनोरे,
आणि चिखल, जिथं मिठागर होतं म्हणतात.
खारनाथ तिथं फळी ओढायचा.
एके दिवशी फळी बांधावर टेकवून बसला
आणि पुढं मरेपर्यंत बोलला नाही.

हे मला माहीतच नव्हतं.
"म्हणजे माझ्या आईनं मुक्याकडे वाचा मागितली?"
हसुराम भोईर, पुजारी, हाफपँटवर उपरणं,
पाण्याची मोटर बंद करून आलेला:
"मंग? त्यानं सोताची वापरली कुठं?
शिल्लक होती."

तराजूचा आकडा अजून तुळईला आहे,
तराजू भंगारात गेला.
हसुरामनं आतून सुनेचा वजनकाटा आणला,
काचेचा, वर निळी फुलपाखरं.
अनवाणी उभा राहिलो.
एक्क्याऐंशी पूर्णांक चार.
आणलेल्या पिशव्या अकरा.
"तेव्हा अकराच होतो," म्हटलं.
"नवस तुज्या भाराचा. तारीख कुठं घातलेली आयेनं?"

गल्लीतल्या दुकानात आणखी अठरा मिळाल्या.
दुकानदारानं विचारलं, लोणचं घालताय?

बोललो मी, महाराज. उशिरा, पण बोललोच.
सव्वीस वर्षं फोनवर विमा विकला,
नाही म्हणणाऱ्याला आठ-आठ मिनिटं धरून ठेवलं.
ऐरोलीच्या ऑफिसात माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग
नव्या पोरांना ऐकवायचे.
आईला रविवारी लावायचो.
जेवलीस? गोळी घेतलीस? ठेवतो.
मग तिचीच वाचा गेली, उजव्या अंगासकट.
नऊ महिने ती माझ्याकडे बघत राहिली
आणि मी खोलीत टीव्ही लावून ठेवला,
कुणीतरी बोलत राहावं म्हणून.

हसुराम कात्रीनं पिशव्यांचे कान कापत होता,
मी ओतत होतो.
हल्लीचं मीठ पिठासारखं, त्याची रास होत नाही,
सरकतं, फरशीभर पसरतं,
पायाच्या बोटांत शिरतं.
पादुका बुडाल्या.
उडायला लागलं तसा त्यानं टेबलफॅन बंद केला
आणि एकदम ऐकू आलं
की इतका वेळ आवाज केवढा होता.

पावतीपुस्तक काढलं.
मीठ: एकोणतीस किलो.
बाकी: बावन्न पूर्णांक चार.
"पुढल्या पुनवेला आन. नायतर बारीक हो."
नाव?
आईचं सांगितलं. द्रुपदा.
"सौ. का कै.?"
पेन वर धरून तो थांबला.
खिशात माझा फोन थरथरत होता.

त्याच्या हातातून पेन घेतलं.
माझ्या बोटांना मीठ होतं, कागदावर शाई धरेना,
दोन अक्षरं
दोनदा गिरवावी लागली.